ट्रॅक बदलला की गाडी बिघडते: रेसिंग गेममधला सेटअप कुठून तपासायला घ्यायचा

तक्रार जवळपास नेहमी एकच असते. एका ट्रॅकवर गाडी हवी तशी धावते, तोच सेटअप (गाडीच्या जुळवणीचे ठरवलेले आकडे) घेऊन दुसऱ्या ट्रॅकवर गेलं की ती वेगळीच गाडी वाटते. मग स्प्रिंग, डॅम्पर (स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग), कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) असं सगळं एका बैठकीत हलवलं जातं आणि तासाभरानं कशामुळे काय झालं याचा पत्ता लागत नाही. खालचा क्रम त्यासाठी आहे. फुकटात आणि दोन मिनिटांत होणाऱ्या तपासण्या आधी, डोकं शिणवणाऱ्या शेवटी. ग्रॅन टुरिस्मो ७, फोर्झा, असेटो कोर्सा काँपेटिझिओने, आयरेसिंग, कुठलाही गेम असो. स्लायडरची नावं आणि आकडे बदलतात, टायर मात्र सगळीकडे जवळपास सारखेच वागतात.

लक्षणं

आधी तुमच्या गाडीचं नेमकं काय होतंय ते यातून शोधा.

सरळ रेषेत जोरात ब्रेक मारला की मागचा भाग डावी-उजवीकडे हलतो, किंवा ब्रेक सोडता सोडता गाडी गर्रकन फिरते.

वळणात शिरताना ठीक, पण मध्यावर स्टीअरिंग कितीही फिरवलं तरी नाक बाहेरच जातं.

वळणातून निघताना थ्रॉटल दिला की मागची चाकं सुटतात. दुसरा प्रकार असा की फक्त आतलं चाक फिरत राहतं, धूर निघतो आणि गाडी पुढे सरकत नाही.

मंद वळणांत काहीच तक्रार नाही, पण सुझुकाच्या १३०आर किंवा स्पाच्या रेडियॉनसारख्या वेगवान जागी मागचा भाग हलका पडतो.

कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर) चाक चढलं की गाडी उडते आणि खाली आल्यावर कुठे तोंड करेल सांगता येत नाही.

पहिले दोन लॅप उत्तम, तिसऱ्यापासून घसरण सुरू. किंवा नेमकं उलट.

लांब सरळ रस्त्यावर अर्ध्यातच शेवटचा गिअर लिमिटरला (इंजिनाच्या फेऱ्यांच्या मर्यादेला) टेकतो, किंवा शेवटचा गिअर नीट ओढतच नाही.

सरळ रस्त्यावर हात न हलवता गाडी एका बाजूला ओढते. हे लक्षण सेटअपचं जवळपास कधीच नसतं. ते असेल तर थेट दुसऱ्या तपासणीवर जा.

लक्षण लिहून ठेवताना तीन गोष्टी लिहा: कोणतं वळण, वळणाचा कोणता टप्पा (ब्रेक मारत शिरताना, मध्यावर, की थ्रॉटल देत निघताना) आणि वेग साधारण किती. "गाडी घसरते" एवढ्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही. "दुसऱ्या गिअरच्या उजव्या वळणातून निघताना मागचा भाग सुटतो" एवढं कळलं की निम्म्या गोष्टी तपासायची गरजच उरत नाही.

तपासणी सुरू करण्याआधी गेमचा मूळ सेटअप वेगळ्या नावानं जतन करा, हवामान आणि वेळ स्थिर ठेवा, इंधन ठरावीक ठेवा आणि सलग पाच लॅप मारा. या पाच लॅपमध्ये सर्वांत जलद आणि सर्वांत संथ लॅपमधला फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल, तर अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या) एका पायरीनं काय बदललं हे तुम्हाला घड्याळावर दिसणारच नाही. तोवर मूळ सेटअपवरच सराव करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. हा नियम कंटाळवाणा आहे, पण याला पर्याय नाही.

पहिली तपासणी: योग्य सेटअप, योग्य टायर, योग्य वजन

सेटअप खरंच लोड झालाय का ते बघा. काँपेटिझिओनेमध्ये सेटअपच्या फाइल गाडी आणि ट्रॅक यांच्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. नव्या ट्रॅकवर गेल्यावर तुमचा जुना सेटअप आपोआप सोबत येत नाही. अनेकदा लोक गेमचा मूळ सेटअप चालवत असतात आणि दोष आपल्या जुन्या सेटअपला देतात.

टायरचं कंपाउंड (रबराचा प्रकार) बघा. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग टायरांच्या पकडीत इतका फरक आहे की स्पोर्ट्स सॉफ्टवर बसवलेला सेटअप रेसिंग हार्डवर तपासणं म्हणजे वेगळीच गाडी तपासणं.

इंधन बघा. १ लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७५० ग्रॅम. १०० लिटर भरले की गाडीत ७५ किलोंची भर पडते, म्हणजे एक माणूस जास्त बसवल्यासारखंच. टाकी कुठे आहे त्यानुसार हे वजन पुढे किंवा मागे पडतं. पात्रता फेरीत दहा लिटरवर नाचणारी गाडी शर्यतीत नाक ओढत चालली तर त्यात नवल नाही.

असिस्टही (गेमनं परस्पर केलेली मदत) तपासा. स्टॅबिलिटी कंट्रोल चालू असेल तर गेम तुमच्या नकळत एकेका चाकाचा ब्रेक दाबतो. गाडी वळत नाही असं वाटतं आणि तुम्ही पुढचे स्प्रिंग मऊ करत बसता. सेटअप तपासताना स्टॅबिलिटी कंट्रोल आणि स्टीअरिंग असिस्ट बंद ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस नेहमी जसे वापरता तसेच ठेवा.

करिअर मोडमध्ये गाडीची मोडतोड दुरुस्त झालीय का हेही बघा. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये तेल जुनं झालं की इंजिनाची ताकद घटते. सरळ रस्त्यावर वेग कमी पडतोय म्हणून विंग (हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबणारा पंख) कमी करण्याआधी तेल बदला.

दुसरी तपासणी: हातातलं आणि पायाखालचं यंत्र

जवळपास प्रत्येक गेममध्ये स्टीअरिंग, ब्रेक आणि थ्रॉटलच्या पट्ट्या पडद्यावर दाखवता येतात. त्या चालू करा, गाडी उभी ठेवा, पाय आणि हात काढून घ्या. तिन्ही पट्ट्या शून्यावर हव्यात. ब्रेक २-३ टक्क्यांवर अडकलेला असेल तर सरळ रस्त्यावर वेग जातो, पुढचे ब्रेक आणि टायर तापतात आणि थोड्या लॅपनंतर नाक वळेनासं होतं. हा दोष सेटअपमधून कधीच सापडणार नाही. तात्पुरता उपाय म्हणून ब्रेकचा डेडझोन (सुरुवातीच्या ज्या हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो तो भाग) ३-५ टक्के ठेवा.

मग पेडल पूर्ण दाबा. पट्टी १०० वर जाऊन स्थिर राहते का? स्वस्त पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर (पेडल किती दाबलं ते मोजणारा सेन्सर) असतो. त्यात धूळ बसली किंवा तो झिजला की पट्टी थरथरते, अधूनमधून अचानक उडी मारते. वळणातून निघताना थ्रॉटलनं अशी एक उडी घेतली की मागची चाकं सुटतात आणि दोष डिफरन्शियलवर जातो. पेडल अगदी हळू, पाच सेकंद लावून दाबा. पट्टी सलग चढायला हवी. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर ब्रेक आणि थ्रॉटल एकाच अक्षावर जोडले गेलेले नाहीत ना, तेही व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. तसे जोडलेले असतील तर दोन्ही पेडल एकत्र वापरताच येत नाहीत.

व्हील असेल तर ते किती अंश फिरतं याचा आकडा गेममध्ये आणि व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये सारखा हवा. व्हील ९०० अंशांवर आणि गेम ५४० धरून बसलेला असेल, तर तुमच्या हाताची हालचाल आणि चाकांचा कोन जुळत नाही. कंट्रोलरवर काठीचा मध्य सरकलेला असेल तर गाडी एका बाजूला ओढते. डेडझोन एकेक टक्क्यानं वाढवत जा आणि ओढणं थांबलं की तिथेच थांबा. उगाच १५-२० टक्के ठेवलात तर छोट्या दुरुस्त्या गाडीपर्यंत पोहोचणारच नाहीत.

फोर्स फीडबॅक (व्हीलमधून हाताला जाणवणारा जोर) फार जास्त ठेवणं ही फार पसरलेली चूक आहे. सिग्नल कमाल मर्यादेला टेकला की त्यावरचा सगळा तपशील कापला जातो. टायर पकड सोडायला लागला की स्टीअरिंग हलकं व्हायला हवं, ते जाणवतच नाही. गेममध्ये फीडबॅकची पट्टी असेल तर ती फक्त कर्ब आणि मोठ्या धक्क्यांवर टोकाला जावी, लांब वळणात सतत टोकाला राहता कामा नये. तशी राहत असेल तर गेन (फीडबॅकची पातळी) कमी करा.

टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र उशिरा आलं की तुमची दुरुस्ती उशिरा होते आणि सहज सावरता आली असती अशी घसरण "अचानक फिरली" वाटते.

तिसरी तपासणी: वळणातले हात-पाय

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण सेटअपच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

टायर सर्वांत जास्त पकड एका ठरावीक कोनापर्यंत देतो. त्यापुढे स्टीअरिंग जास्त फिरवलं की पकड वाढत नाही, उलट कमी होते आणि टायर तापतो. म्हणून नाक बाहेर जात असताना एक प्रयोग करा: स्टीअरिंग आणखी फिरवण्याऐवजी थोडं परत सोडा. नाक पुन्हा आत यायला लागलं तर गाडी ठीक आहे, तुम्ही मर्यादेपलीकडे फिरवत होता. नाक तसंच बाहेर राहिलं तर खरोखर अंडरस्टीअर (पुढच्या चाकांची पकड कमी पडणं) आहे आणि पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी आहेत.

ब्रेक कसा सोडता तेही बघा. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि त्यांची पकड वाढते. वळणाच्या तोंडाशी पाय एकदम उचलला की ते वजन मागे जातं आणि पुढचे टायर नेमके वळायच्या क्षणी हलके होतात. रिप्लेमध्ये ब्रेकची पट्टी बघा. ती भिंतीसारखी कोसळत असेल तर नाक बाहेर जाण्याचं कारण तिथेच आहे. ती उतारासारखी यायला हवी, स्टीअरिंग जसं वाढतं तसा ब्रेक कमी.

याचाच दुसरा भाग म्हणजे प्रत्येकाची चालवण्याची पद्धत. दुसऱ्याचा वेगवान सेटअप उतरवून घेतला की तो आपल्याला जमत नाही, त्याचं कारण बहुधा हेच असतं. जो वळणात खोलवर ब्रेक ओढत नेतो, त्याच्या गाडीचा मागचा भाग शिरताना आधीच हलका असतो. त्याला स्थिर मागचा भाग लागतो: ब्रेक बायस (ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटण्याचं प्रमाण) थोडा पुढे, डिफरन्शियलचं ब्रेक मारतानाचं लॉक (दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवण्याचं प्रमाण) थोडं जास्त. जो सरळ रेषेत ब्रेक संपवून मग वळतो, त्याला हीच गाडी जड आणि हट्टी वाटते. त्याला मोकळं नाक लागतं: पुढचा अँटी-रोल बार मऊ, बायस थोडा मागे. थ्रॉटल लवकर आणि पूर्ण देणाऱ्याला मागची पकड जास्त हवी. थ्रॉटल हळूहळू चढवणाऱ्याला ती कमी असली तरी चालते. कंट्रोलरवर खेळणाऱ्याला बोटभर काठीतून सगळं करायचं असतं, आणि गेमही त्याच्या स्टीअरिंगला गाळणी लावतो. अतिशय चपळ नाक त्याला नुकसानच करतं. थोडा अंडरस्टीअर ठेवलेली गाडी त्याच्याकडून जास्त सातत्यानं वेगात जाते.

चौथी तपासणी: टायरचं प्रेशर

ट्रॅक बदलल्यावर सेटअप बिघडण्याचं सर्वांत मोठं एकटं कारण हेच. गॅरेजमध्ये तुम्ही थंड प्रेशर ठरवता, पण गाडी चालते गरम प्रेशरवर. हवा तापली की प्रेशर चढतं: गरम टायरमध्ये दर अंशाला साधारण ०.१ पीएसआय. ट्रॅक १० अंशांनी गरम असेल तर तोच सेटअप जवळपास १ पीएसआय वर जाऊन बसतो. टायर फुगतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि गाडी तरंगल्यासारखी चालते.

काँपेटिझिओनेमध्ये आवृत्ती १.९ पासून जीटी३ (रेसिंग स्पोर्ट्स कारचा एक वर्ग) गाड्यांच्या कोरड्या टायरसाठी गरम प्रेशर २६ ते २७ पीएसआयमध्ये हवं. तीन-चार लॅप मारा, चारही टायरांचे आकडे वाचा, जितका फरक दिसेल तितकं थंड प्रेशर कमी-जास्त करा आणि पुन्हा तीन-चार लॅप मारा. फोर्झाच्या टेलिमेट्रीतही (चालत्या गाडीच्या आकड्यांच्या नोंदीत) गरम आकडा दिसतो. तोच बघा, ट्यूनच्या पडद्यावरचा नाही.

चारही टायरांना एकच थंड प्रेशर देऊ नका. मोन्झा, स्पा, सिल्व्हरस्टोन हे ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं फिरतात. उजवी वळणं जास्त, म्हणून डावे टायर जास्त तापतात आणि त्यांना सुरुवातीला थोडं कमी प्रेशर लागतं. इमोला, इंटरलागोस, लागुना सेका आणि बाथर्स्ट उलट दिशेनं फिरतात, तिथे हाच हिशेब उजव्या बाजूला लागू होतो. सुझुका इंग्रजी आठच्या आकाराचा आहे, म्हणून तिथे दोन्ही बाजू बऱ्याच सारख्या राहतात. मोन्झाचा सेटअप इमोलावर नेला की एका बाजूचे टायर फुगलेले आणि दुसऱ्या बाजूचे बसलेले असतात. मग गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे भलतंच वागते.

गेम टायरचं आतलं, मधलं आणि बाहेरचं तापमान वेगवेगळं दाखवत असेल तर मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम म्हणजे प्रेशर जास्त, दोन्ही कडा गरम म्हणजे कमी. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये प्रेशर बदलताच येत नाही. तिथे ही पायरी सोडून पुढे जा.

पाचवी तपासणी: ब्रेक बायस

ब्रेक मारताना मागचा भाग हलत असेल तर बायस पुढे न्या. ब्रेक मारत वळताना नाक सरळच जात असेल तर मागे न्या. एका वेळी अर्धा टक्का किंवा गेम देईल तेवढी एक पायरी. बऱ्याच गेममध्ये बायस गाडी चालवतानाही बदलता येतो, त्यामुळे एका लॅपमध्ये उत्तर मिळतं.

काही गेममध्ये स्लायडर कुठे सरकवला की पुढचा ब्रेक वाढतो हे लेबलवरून नीट उमगत नाही. लेबलवर विश्वास ठेवू नका. एबीएस बंद करा, सरळ रेषेत १५० किमीच्या आसपास वेगातून पूर्ण ब्रेक मारा आणि कोणती चाकं आधी लॉक होतात ते रिप्लेमध्ये बघा. पुढची किंचित आधी लॉक व्हायला हवीत. मागची आधी लॉक होत असतील तर गाडी फिरणारच.

सहावी तपासणी: विंग आणि गिअर, दोन्ही एकत्र

विंगचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग १०० वरून २०० झाला की दाब चौपट. हवेचा विरोधही त्याच हिशेबानं चढतो. त्यामुळे मंद वळणातली घसरण विंगनं सुटत नाही, आणि फक्त वेगवान वळणात दिसणारी घसरण स्प्रिंगनं सोडवायला जाऊ नका. मागचा भाग फक्त वेगात हलका पडत असेल तर मागची विंग एक पायरी वाढवा, किंवा मागची राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची) थोडी कमी करा. मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच असला की बहुतेक रेस गाड्यांत हवेचा दाब पुढच्या चाकांकडे सरकतो.

मोन्झा ५.७९३ किमीचा आणि बहुतांश पूर्ण थ्रॉटलवर. मोनॅको ३.३३७ किमीचा आणि जवळपास सगळा वळणांचा. पहिल्यावर विंग शक्य तितकी खाली, दुसऱ्यावर वर. अडचण मधल्या ट्रॅकवर येते. स्पावर पहिला आणि तिसरा सेक्टर सरळ रस्त्यांचा, दुसरा वळणांचा. तिथे फक्त एकूण लॅप टाइम बघू नका, सेक्टर बघा. विंग वाढवून दुसऱ्या सेक्टरमध्ये मिळालेला वेळ बाकीच्या दोघांत गेलेल्या वेळेपेक्षा जास्त असेल तरच ठेवा. शर्यतीत ओव्हरटेक करायचं असेल तर सरळ रस्त्यावरच्या वेगाला थोडं झुकतं माप द्या.

विंग बदलली की फायनल ड्राइव्ह (सगळे गिअर एकत्र लांब-आखूड करणारं शेवटचं गुणोत्तर) पुन्हा बघावाच लागतो, कारण सर्वोच्च वेग बदलतो. सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, ब्रेक मारण्याच्या जागेपाशी, शेवटचा गिअर लिमिटरच्या २००-३०० आरपीएम खाली असावा. ही जागा समोरच्या गाडीच्या मागे चालताना मिळणाऱ्या जादा वेगासाठी. ज्या गाडीत गिअर बदलता येत नाहीत तिथे हा भाग सोडून द्या.

सातवी तपासणी: अँटी-रोल बार

वळणात बाहेरच्या चाकांवर एकूण किती वजन सरकणार हे गाडीची उंची, रुंदी आणि वळण्याचा जोर ठरवतात. त्यातलं किती पुढून आणि किती मागून सरकणार, हे मात्र बार आणि स्प्रिंग ठरवतात. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून पुढचा किंवा मागचा, ज्या टोकाचा बार कडक, त्या टोकाच्या दोन चाकांची मिळून पकड कमी होते.

एवढं पक्कं कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. मध्यावर नाक बाहेर जात असेल तर पुढचा बार एक पायरी मऊ करा. तरी पुरेसं नसेल तर मागचा एक पायरी कडक करा. मागचा भाग सुटत असेल तर उलट. आधी मऊ करून बघा, कारण त्यानं पकड वाढते. कडक केल्यानं तोल जुळतो, पण तो दुसऱ्या टोकाची पकड कमी करून जुळतो. मागचा बार फार कडक केला की आतलं मागचं चाक उचललं जातं आणि मग निघताना ते नुसतं फिरतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र मागचा कडक बार हीच नेहमीची रीत आहे, ताकद तिथून जातच नाही.

बारचा परिणाम ग्रॅन टुरिस्मोच्या छोट्या आकड्यांतही आणि फोर्झाच्या १ ते ६५ च्या पट्टीवरही एकाच दिशेनं होतो. फक्त फोर्झात एका आकड्यानं काहीच जाणवत नाही, तिथे ३-४ नं हलवा.

आठवी तपासणी: डिफरन्शियल

निघतानाचा दोष राहिला असेल तर रिप्ले मागून बघा. आतलं एकच चाक फिरतंय का? लॉक कमी पडतंय, थ्रॉटलवरचं लॉक वाढवा. दोन्ही मागची चाकं एकदम फिरून गाडी झटक्यानं वळतेय? लॉक जास्त आहे, कमी करा. लॉक जास्त असलेली गाडी थ्रॉटल हळू दिला तर उलट सरळ जायला बघते आणि जास्त दिला तर मागून सुटते. हे दोन्ही एकाच वळणात दिसलं तर शंका घेऊ नका.

पाय उचलल्यावर किंवा ब्रेकवर गाडी फिरते तेव्हा दुसरा आकडा बघायचा, ब्रेक मारतानाचं लॉक. तो वाढवला की शिरताना गाडी स्थिर, पण हट्टी होते. चारही चाकांवर चालणारी गाडी निघताना नाक बाहेर टाकत असेल तर मधल्या डिफरन्शियलमधून जास्त ताकद मागे पाठवा. फोर्झात ६५ ते ७५ टक्के मागे ही बऱ्याच गाड्यांसाठी चांगली सुरुवात आहे.

नववी तपासणी: स्प्रिंग, उंची, डॅम्पर, आणि सगळ्यात शेवटी कॅम्बर-टो

इथपर्यंत खरोखर गरज असेल तरच या. नूर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लायफं २०.८३२ किमीचा, चढ-उतारांचा आणि खडबडीत आहे. फ्लुगप्लात्झला गाडी हलकी होते, कारुसेलमध्ये काँक्रीटच्या पट्ट्यांवर दणके बसतात. सेब्रिंगला जुन्या विमानतळाचं काँक्रीट आहे. अशा ठिकाणी सपाट ट्रॅकसाठी खाली बसवलेली गाडी तळाशी आपटते. आपटली की स्प्रिंग क्षणभर जणू अनंत कडक होतो आणि त्या चाकाची पकड एकदम जाते. आधी उंची २-३ मिलिमीटरनं वाढवा, मग स्प्रिंग मऊ करा. स्प्रिंग मऊ करून उंची तशीच ठेवली तर आपटणं वाढेल.

डॅम्पर फक्त हालचाल चालू असतानाच काम करतो. लांब वळणाच्या मध्यावर गाडी एकदा स्थिर झाली की त्याचा तोलावर परिणाम नाही. म्हणून मध्यावरच्या तक्रारीसाठी डॅम्परला हात लावू नका. कर्बवर गाडी उडत असेल तर जलद बंप (चाक झटक्यानं वर जातानाचा डॅम्परचा विरोध) मऊ करा. गेममध्ये जलद-संथ असा भेद नसेल तर बंप एक-दोन पायऱ्या कमी करा. खड्ड्यांच्या ओळीवर गाडी हळूहळू खाली बसत जात असेल तर रिबाउंड (चाक परत खाली येतानाचा डॅम्परचा विरोध) जास्त आहे. चाक परत खाली यायच्या आत पुढचा धक्का येतोय.

कॅम्बर वाढवला की वळणात बाहेरच्या टायरचा पूर्ण पृष्ठ टेकतो, पण ब्रेक मारताना आणि सरळ निघताना टेकणारा भाग घटतो. मोन्झासारख्या ट्रॅकवर तो कमी ठेवा. पुढे किंचित टो-आउट (चाकांची तोंडं थोडी बाहेर) दिला की नाक चटकन वळतं, मागे किंचित टो-इन (तोंडं थोडी आत) दिला की मागचा भाग शांत राहतो. दोन्ही ०.०५ अंशांच्या पायऱ्यांनी बदला. टो जास्त झाला की टायर सरळ रस्त्यावरही घासत राहतात, वेग जातो आणि प्रेशर चढतं. कॅम्बर किंवा टो बदलल्यावर चौथी तपासणी पुन्हा करा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

व्हीलच्या बेसमधून जळका वास येतोय, काही मिनिटांनी तो आपोआप बंद पडतोय, सुरू होताना मध्य सापडत नाही किंवा स्टीअरिंग स्वतःहून जोरात इकडे-तिकडे आपटतंय, यातलं काहीही दिसलं तर प्लग काढा. बेस उघडू नका. आत वीजपुरवठ्याचे भाग असतात, ते प्लग काढल्यावरही काही काळ भार धरून राहू शकतात, आणि वॉरंटीही जाते. अधिकृत सेवा केंद्रात द्या. डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट स्टीअरिंगला जोडलेल्या) व्हीलच्या बाबतीत तर अजिबात प्रयोग नको. त्याच्या मोटरमध्ये मनगट किंवा अंगठा दुखावण्याइतका जोर असतो.

पेडलची पट्टी डेडझोन देऊन आणि वरवर साफ करूनही उड्या मारत असेल तर सेन्सर बदलावा लागणार. सोल्डरिंग येत नसेल तर तंत्रज्ञाकडे द्या. कन्सोल किंवा कॉम्प्युटर शर्यतीच्या मध्यात गरम होऊन बंद पडत असेल किंवा फ्रेम ठरावीक वेळानं गळत असतील तर तेही दुरुस्तीच्या माणसाचं काम.

सेटअपपुरतं बोलायचं तर, त्याच गाडीचा, त्याच टायरचा आणि त्याच सेटअपचा दुसऱ्या कुणाचा तरी घोस्ट (त्याच्या नोंदवलेल्या लॅपची सावली-गाडी) तुमच्यापेक्षा जवळपास प्रत्येक वळणात पुढे जात असेल, तर सेटअप बदलणं थांबवा. वेळ एखाद-दुसऱ्या वळणात जात असेल तर सेटअप बघण्यात अर्थ आहे. सगळीकडे थोडा थोडा जात असेल तर तो ब्रेक सोडण्यात आणि थ्रॉटल देण्यात जातोय. अशा वेळी चांगला प्रशिक्षक किंवा संघातला सेटअप इंजिनिअर एका बैठकीत जे दाखवेल ते महिनाभर स्लायडर हलवून सापडत नाही. त्याच्याकडे नुसती सेटअपची फाइल पाठवू नका. सलग पाच लॅपची टेलिमेट्री, रिप्ले, ट्रॅकचं तापमान, इंधन आणि सुरुवातीला लिहिलेली वळणनिहाय लक्षणं पाठवा, आणि मूळ सेटअपपासून आतापर्यंत काय काय बदललंत ते क्रमानं लिहून द्या.